आयएसएलची फायनल शेवटी कोण जिंकून देतं? (नेरुळ २०१४ ते कोलकाता २०२५)

नेरुळकर | रविवार, १३ एप्रिल २०२५, सकाळी ९:४०

काल रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगच्या फायनलमध्ये मोहन बागाननं बेंगळुरू एफसीला जादा वेळेत २-१ असं हरवलं आणि शील्डपाठोपाठ (साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळते ती) कपही घेतला. ४९व्या मिनिटाला अल्बर्टो रॉड्रिगेजचा स्वयंगोल, ७२व्याला कमिंग्जची पेनल्टी, ९६व्याला मॅकलारेन. सामना संपल्यावर झोप येईना, म्हणून २०१४ पासूनच्या अकराही फायनल कागदावर मांडल्या. त्यातून जे दिसलं त्यासाठी हा धागा. आपल्याकडे या लीगचं नाव काढलं की 'निवृत्तीला आलेल्या परदेशी खेळाडूंची लीग' एवढंच ऐकायला मिळतं, आणि मला ते मनापासून खटकतं.

अकरापैकी सहा फायनलचा निकाल भारतीय खेळाडूनं लावलाय.

पहिली तर आपल्या दारातच झाली. २० डिसेंबर २०१४, डी. वाय. पाटील स्टेडियम, अ‍ॅटलेटिको डी कोलकाता विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. तेव्हा एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर चालायचे. मोसमभर पोस्टरवर कोण होते? देल पिएरो, त्रेझेगे, पिरेस, आनेल्का, लुइस गार्सिया. एका संघाचा मालक सचिन, दुसऱ्याचा सौरव, त्यामुळे क्रिकेटवालेही आलेले. छत्तीस हजारांवर लोक होते. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. आमच्या आजूबाजूचे सगळे जादा वेळेची तयारी करून बसलेले. ९५व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, पोदानीनं तो आत टाकला आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या मोहम्मद रफीकनं हेडर मारला. १-०. केरळला परत डाव मांडायला वेळच उरला नाही. पोस्टरवरच्या एकाही माणसानं नाही, रफीकनं ती लीग जिंकून दिली.

पुढचं बघा. २०१६ ला कोचीत पेनल्टी शूटआउटची निर्णायक किक कोलकात्याच्या ज्युएल राजाची. २०१९ ला अंधेरीच्या मैदानावर गोव्याविरुद्ध जादा वेळ संपत आली असताना कॉर्नरवर राहुल भेकेचा हेडर, बेंगळुरू १-०. भेके आपला मुंबईचा मुलगा, आणि फायनलही मुंबईतच. २०२१ ला गोव्यातल्या फातोर्ड्यावर ९०व्या मिनिटाला बिपिन सिंग, मुंबई सिटीचा पहिला कप. २०२२ ला हैदराबादच्या कट्टीमणीनं शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या. २०२४ ला सॉल्ट लेकवर १-१ असताना ८१व्या मिनिटाला परत बिपिन. त्या रात्री कप उचलणारा मुंबईचा कर्णधार होता राहुल भेके.

कट्टीमणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती गोष्ट मला कुठल्याही चषकापेक्षा मोठी वाटते. २०१५ ची फायनल, फातोर्डा, एफसी गोवा घरच्या मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध २-१ ने पुढे. नव्वदावं मिनिट, आणि गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल. पाठोपाठ इंज्युरी टाइममध्ये मेंडोझाचा गोल आणि गोव्याच्या हातातला कप गेला. गोव्याचा मुलगा, गोव्यात, गोव्याच्या लोकांसमोर. सहा वर्षांनी त्याच फातोर्ड्यावर तो हैदराबादकडून उभा राहिला आणि केरळच्या पेनल्टी एकामागून एक अडवल्या. मधली वर्षं त्यानं कशी काढली असतील हे गोलपोस्टखाली उभा राहिलेला माणूसच सांगू शकेल.

तुम्हाला काय वाटतं? आणि २०१४ ला नेरुळला कोण कोण होतं?

---

वाशीतला मल्याळी | १३ एप्रिल, सकाळी १०:१५

मी होतो. माझा जन्म वाशीचा, शाळा वाशीची, पण घरी सगळे पालक्काडचे. त्या दिवशी नेरुळ स्टेशनपासून एलपीच्या पुलापर्यंत नुसतं केरळ ब्लास्टर्सचं पिवळं दिसत होतं. नेरुळ, वाशी, सीवूड्स, ठाण्याचं वर्तकनगर, जिथे जिथे आमची माणसं आहेत तिथून सगळे आलेले. मैदान तटस्थ होतं म्हणतात, पण आवाज आमचाच होता.

तुमच्या यादीत एक गोष्ट राहिली, ती मी लिहितो. तुमच्या सहापैकी तीन फायनल आम्ही हरलोय. रफीक आमच्याविरुद्ध, ज्युएल राजा आमच्याविरुद्ध, कट्टीमणी आमच्याविरुद्ध. केरळ ब्लास्टर्स तीन वेळा फायनलला पोचलं आणि तिन्ही वेळा शेवटचा घाव भारतीय खेळाडूनंच घातला.

आणि आम्ही तीन फायनलमध्ये मिळून गोल किती केले? दोन. २०१६ ला मोहम्मद रफी, २०२२ ला राहुल के. पी. एक कासरगोडचा, एक त्रिशूरचा. दोन्ही मल्याळी. त्यामुळे तुमचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो, आणि माझ्यासाठी त्याला दुखरी बाजूही आहे.

इयान ह्यूमबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१४ ला आमच्याकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, फायनलला गोल झाला नाही. पुढच्या वर्षी तो कोलकात्याकडे गेला. २०१६ ला कोचीत आमच्याच समोर शूटआउटमध्ये त्याची पहिली किक ग्रॅहम स्टॅकनं अडवली, अख्खं स्टेडियम नाचलं, आणि तरी कप कोलकात्यालाच गेला. कोचीच्या त्या रात्रीनंतर आमच्या घरी दोन दिवस टीव्ही लागला नव्हता.

---

कोपरी पूर्व | १३ एप्रिल, सकाळी ११:०२

नेरुळकर, मांडणी आवडली, पण मूळ गोष्टीशी माझा वाद आहे. फायनलला एवढं महत्त्व का द्यायचं?

जी २०१४ ची फायनल तुम्ही डोक्यावर घेताय, ती साखळीत तिसऱ्या आणि चौथ्या आलेल्या संघांमध्ये होती. पहिला चेन्नईयिन आणि दुसरा गोवा, दोघेही उपांत्य फेरीत गेले. कोलकात्यानं तर उपांत्य फेरीच्या दोन्ही सामन्यांत एकही गोल केला नव्हता, दोन्ही ०-०, मग शूटआउट. असा संघ विजेता?

म्हणून २०१९-२० पासून शील्ड आली ती योग्यच झाली. मोसमभर जो सगळ्यात चांगला खेळतो त्याला शील्ड. मी ठाण्यातून अंधेरीला मुंबई सिटीचे सामने बघायला जातो. २०२२-२३ ला आपण शील्ड जिंकली, साखळीत आपल्याला कुणी हात लावू शकत नव्हतं, आणि उपांत्य फेरीत बेंगळुरूनं शूटआउटमध्ये ९-८ ने बाहेर काढलं. पाच महिन्यांची मेहनत, अठरा पेनल्टीत खलास. जगातल्या मोठ्या लीग बघा. इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी, सगळीकडे गुणतक्त्यात पहिला तोच विजेता. फायनल ही कप स्पर्धेची गोष्ट आहे.

---

नेरुळकर | १३ एप्रिल, सकाळी ११:३०

@कोपरी पूर्व, शील्डची किंमत मी कमी करत नाही. उलट शील्डमुळेच आपल्याला आशियाई चॅम्पियन्स लीग मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ नं हरवलं, त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. विजयी गोल कुणाचा? राहुल भेकेचाच, तोही हेडर. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदीचा अल हिलाल आपल्या डी. वाय. पाटीलवर खेळून गेला तोही शील्डच्या जोरावर. त्यांचा नेमार जखमी होता म्हणून आला नाही, आपण ०-२ हरलो, पण नेरुळला बसून आशियातला सगळ्यात बलाढ्य क्लब बघता आला.

माझं म्हणणं वेगळं आहे. बावीस-चोवीस सामन्यांत सरासरी कळते. थकलेल्या पायांनी, गुण गमवायची किंवा मागून भरून काढायची सोय नसताना कोण उभा राहतो हे एका रात्रीतच कळतं. आणि त्या रात्री आपली मुलं उभी राहिलीत. इंग्लंड-स्पेनला हे सिद्ध करायची गरज नाही, आपल्याला आहे.

---

कळवेकर | १३ एप्रिल, दुपारी १२:१०

२०२०-२१ ला दोन्ही आपलंच होतं. बागानशी शेवटचा साखळी सामना २-० जिंकून शील्ड, मग फायनलला त्याच संघाला २-१. सगळं गोव्यात, बंद दारांमागे, कोविडमुळे एकही प्रेक्षक नाही. बिपिननं गोल केला तेव्हा आमच्या कळव्याच्या गल्लीत फटाके लागले आणि मैदानात मात्र फक्त खेळाडूंचा आरडाओरडा ऐकू येत होता.

---

घणसोली लेफ्ट बॅक | १३ एप्रिल, दुपारी १:४५

मी स्वतः खेळलोय (जिल्हा पातळीपर्यंत), आता घणसोली-कोपरखैरण्याच्या मुलांना शिकवतो. नेरुळकरांच्या यादीकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो. तुमची सगळी नावं परत वाचा आणि प्रत्येकापुढे त्याची जागा लिहा.

रफीक आणि ज्युएल राजा मधल्या फळीतले. भेके बचावपटू. बिपिन विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा. कट्टीमणी गोलरक्षक. यात स्ट्रायकर कुठे आहे? एकही नाही.

हे आपोआप झालेलं नाही. क्लबला परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या मिळतात. पहिल्या मोसमात मैदानावर सहा, मग २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. जागा कमी झाल्या तसे प्रशिक्षक त्या कुठे वापरायच्या याचा कडक हिशेब करू लागले. बहुतेक संघांचं गणित ठरलेलं: एक परदेशी सेंटर बॅक (मधला बचावपटू), एक मधल्या फळीचा सूत्रधार, एक त्याच्या पुढे, आणि एक नंबर नऊ (सगळ्यात पुढचा स्ट्रायकर). उरलेल्या जागा भारतीयांच्या, म्हणजे गोलरक्षक, दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू), दोन्ही विंग. त्यामुळे आपले विंगर झाले, फुल बॅक झाले, गोलरक्षक तर खूपच चांगले झाले. २०२३ ची फायनलही विशाल कैथनं शूटआउटमध्ये अडवलेल्या किकमुळे बागानकडे फिरली, ते तुम्ही यादीत धरलं नाहीत. धरायला हवं.

पण गोल करणं हेच ज्याचं काम, तो भारतीय खेळाडू तयार होत नाही. सुनील छेत्रीला बघा. बेंगळुरूत बरीच वर्षं मिकू किंवा रॉय कृष्णासारखा परदेशी नंबर नऊ मध्ये आणि छेत्री बाजूला. तरी त्यानं फायनलमध्ये दोनदा गोल केला, २०१८ आणि २०२३, दोन्ही वेळा संघ हरला. या मोसमात चाळिशीत १४ गोल. आठवड्यापूर्वी गोव्याविरुद्ध उपांत्य फेरीत ९२व्या मिनिटाला त्याच्याच हेडरनं बेंगळुरू फायनलला गेलं. आणि मार्चमध्ये त्याला राष्ट्रीय संघासाठी निवृत्ती मागे घ्यावी लागली. चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावं लागतं, याचं उत्तर वरच्या यादीतच आहे.

---

कोपरी पूर्व | १३ एप्रिल, दुपारी २:२०

@घणसोली लेफ्ट बॅक, प्रतिसाद फार आवडला. मग सर, उपाय काय? स्ट्रायकर भारतीयच हवा असा नियम करायचा?

---

घणसोली लेफ्ट बॅक | १३ एप्रिल, दुपारी ३:०५

सर नको, दादा म्हणा. 🙂

नियमानं एखादा दिसेल, तयार होणार नाही. मला अडचण खाली दिसते. ठाण्यात घोडबंदर रोडला आणि इकडे पाम बीचच्या आजूबाजूला टर्फ झाले, मुलं तासाचे पैसे भरून खेळतात. चांगलंच आहे, निदान खेळतात तरी. पण टर्फ छोटा, पाच-पाच जणांचा, चारी बाजूंनी आणि वरून जाळी. चेंडू उंच उडवता येत नाही. मुलांचे पाय सुंदर होतात, छोट्या जागेत वळणं, चकवणं, सगळं. पण वीस-पंचवीस मीटरवरून आलेला क्रॉस (कडेनं गोलसमोर टाकलेला चेंडू) कुठे पडणार हे ओळखणं, बचावपटूच्या आधी अर्धं पाऊल निघणं, हे शिकायला मोठं मैदान आणि कडेनं क्रॉस टाकणारा सोबती लागतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे टर्फवरून येतो, चेंडू हवेत गेला की तो थांबतो आणि खाली पडायची वाट बघतो. नंबर नऊचं अर्धं काम त्या दोन सेकंदांत असतं.

आता रफीकचा, भेकेचा गोल आठवा. दोन्ही कॉर्नर, दोन्ही हेडर, दोन्ही सामन्याच्या अगदी शेवटी. २०१८ ला चेन्नईयिनच्या माइल्सन आल्वेसनंही कॉर्नरवर दोन हेडर मारून बेंगळुरूला त्यांच्याच मैदानावर हरवलं. शेवटच्या मिनिटांत चालत्या खेळात कुणाला पाच जणांना चकवायची ताकद नसते. तेव्हा ठरलेली धाव आणि अचूक टाकलेला चेंडू कामी येतो. तो सराव टर्फवर होत नाही.

---

सीवूड्सची आई | १३ एप्रिल, दुपारी ४:३०

दादा, एक प्रश्न. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, खेळते. हेडरमुळे डोक्याला इजा होते असं वाचलंय. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला बंदीच आहे. तुम्ही किती वयापासून शिकवता?

आणि सगळ्यांना एक आठवण. आपल्या डी. वाय. पाटीलवर फायनल फक्त २०१४ ची नाही झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाची फायनल तिथेच. मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० पुढे, आणि चीननं इंज्युरी टाइममध्ये शियाओ यूयीच्या गोलवर ३-२ जिंकली. त्याच स्पर्धेत आपल्या मुलींच्या संघात कोविड पसरला आणि चिनी तैपेईविरुद्धचा सामना खेळताच आला नाही, स्पर्धेतून बाहेर. घरच्या मैदानावर मिळालेली संधी अशी गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनलही नेरुळलाच, स्पेन १-० कोलंबिया. मुलीला घेऊन गेले होते. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा 'मला खेळायचंय' म्हटलं.

---

घणसोली लेफ्ट बॅक | १३ एप्रिल, संध्याकाळी ५:१५

ताई, नऊला अजिबात नाही. त्या वयात हातानं फेकून छातीवर, मांडीवर घ्यायला शिकवतो, म्हणजे उंच चेंडूची भीती जाते आणि अंदाज बसतो. डोक्याचा वापर पुढे, तोही हलक्या चेंडूनं आणि मोजका. धाव आणि वेळ साधणं मात्र आताच शिकवता येतं, त्याला डोकं आपटावं लागत नाही.

---

वाशीतला मल्याळी | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:००

सीवूड्स ताई, कोरिया-चीन फायनलची आठवण काढलीत, बरं वाटलं. ती कुणालाच आठवत नाही.

नेरुळकर, फायनल परत तटस्थ मैदानावर व्हावी का? गेल्या वर्षीपासून वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी होते.

---

नेरुळकर | १३ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

घरी खेळण्याचा फायदा होतो असं म्हणावं तर इतिहास उलटा आहे. २०१५ ला गोवा घरी हरलं, २०१६ ला केरळ, २०१८ ला बेंगळुरू, २०२४ ला बागान साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर. घरच्या मैदानावर फायनल जिंकणारा पहिला संघ कालचा बागान. त्यांनी साखळीत ५६ गुण मिळवले होते, म्हणजे @कोपरी पूर्व यांच्या हिशेबानंही विजेता तोच.

तरी माझं मत तटस्थ मैदानाच्या बाजूनं. २०१४ ला नेरुळला दोन्हीकडचे लोक होते, आणि मुंबई-ठाण्याचे, कुठल्याच संघाचे नसलेले हजारो लोक पहिल्यांदा फुटबॉल बघायला आले होते. क्रिकेटचं गोल मैदान, स्टँडपासून खेळ लांब दिसतो हे खरं, पण ठाण्याहून थेट लोकल आहे, पनवेल-सीएसएमटीहून हार्बर आहे. घरच्या फायनलला घरचेच येतात. नवीन माणूस खेळाकडे यायचा तर त्याच्या गावी फायनल न्यायला हवी.

@घणसोली दादा, तुमच्या नंबर नऊच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. विशाल कैथ यादीत घालतो, म्हणजे अकरापैकी सात.

---

कोपरी पूर्व | १३ एप्रिल, रात्री ८:४०

सात मान्य. शील्ड मोठी हे माझं मत कायम. पण एक मागणी माझीही: फायनलला प्रत्येक संघानं निदान शेवटची वीस मिनिटं एक भारतीय खेळाडू नंबर नऊच्या जागी खेळवावा. नियम नको म्हणता तर निदान प्रशिक्षकांनी धाडस करावं. २०१४ ला कोलकात्याच्या प्रशिक्षक हाबासनं रफीकला बदली म्हणून उतरवलं नसतं तर हा धागाच निघाला नसता.

@घणसोली दादा, माझा पुतण्या चौदाचा आहे, टर्फवरच वाढलाय. उद्या आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे. पूर्ण मापाच्या मैदानावर त्याला घेऊन आलो तर बघाल का?

---

घणसोली लेफ्ट बॅक | १३ एप्रिल, रात्री ९:०५

जरूर आणा. सकाळी साडेसहाला नेरुळच्या यशवंतराव चव्हाण मैदानाच्या गेटपाशी भेटा, नंतर ऊन फार होतं. स्टड असतील तर स्टड, नाहीतर साधे बूट चालतील, पाणी भरपूर. क्रॉस टाकायला दोन मोठी मुलं मी आणतो.